दृष्टिदानाचा ताळेबंद : डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे जीवनकार्य

जैन परंपरेने दानाचे चार प्रमुख प्रकार मानले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. या चारांपैकी औषधदानाची वाट आपल्या समाजाने पिढ्यान् पिढ्या श्रद्धेने चोखाळली आहे. गावोगावचे धर्मादाय दवाखाने, फिरती रुग्णालये, मोतीबिंदू शिबिरे व नेत्रदानाची संकल्पपत्रे ही त्याची साक्ष होय. एखाद्या विश्वस्त संस्थेला पन्नास वर्षे पूर्ण होतात तेव्हा झालेल्या कार्याचा आनंद जरूर व्हावा. परंतु सुवर्णमहोत्सव हा जसा उत्सवाचा प्रसंग आहे, तसाच तो खाते तपासण्याचाही प्रसंग आहे. किती रुपये दिले हे जमाखर्चाच्या वहीत सहज सापडते. त्या रुपयांनी किती माणसांचे दुःख खरोखर कायमचे दूर झाले, हे मात्र वहीत सापडत नाही.

या दुसऱ्या हिशेबाला ज्यांनी आपले उभे आयुष्य वाहिले, अशा एका वैद्याचे चरित्र म्हणूनच या स्मरणिकेत सादर करणे उचित ठरेल. ते वैद्य जन्माने जैन नव्हते. मात्र त्यांची कर्मभूमी जैनांना परकी नाही. तामिळनाडूतील मदुराई हे नगर मीनाक्षी मंदिरामुळे सर्वांना ठाऊक आहे. त्याच नगराच्या पश्चिमेस समणर मलै, म्हणजे श्रमणांची टेकडी आहे. तिच्या कातळावर हजारएक वर्षांपूर्वी कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती आजही पाहावयास मिळतात. ज्या भूमीत एकेकाळी श्रमण मुनींचा विहार होता, त्याच भूमीत विसाव्या शतकात 'अरविंद नेत्र रुग्णालय' उभे राहिले. त्याचे संस्थापक डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांना सारे जग 'डॉ. व्ही.' या दोन अक्षरी नावाने ओळखते.

बालपण आणि शिक्षण

डॉ. वेंकटस्वामी यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१८ रोजी तामिळनाडूतील वडमलापुरम या लहानशा खेड्यात एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत ते थोरले. शेतीची कामे व गुरे राखणे सांभाळून त्यांचे प्राथमिक शिक्षण झाले. पाटी-पुस्तकाची चैन त्या काळी खेड्यात नव्हती. मुले नदीकाठची वाळू आणून तिच्यावर अक्षरे गिरवीत. त्यांच्या लहानपणी नात्यातील तीन तरुण स्त्रिया बाळंतपणाच्या सुमारास दगावल्या. गावात डॉक्टर नव्हता. आपण डॉक्टर व्हावे आणि बाळंतिणींचे प्राण वाचवावेत, हा निश्चय त्या मुलाने तेव्हाच केला.

मदुराईच्या अमेरिकन कॉलेजातून रसायनशास्त्राची पदवी आणि १९४४ साली मद्रासच्या स्टॅन्ले मेडिकल कॉलेजातून वैद्यकीय पदवी त्यांनी संपादन केली. दुसऱ्या महायुद्धाचा तो काळ होता. ते सैन्याच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्रात प्रावीण्य मिळवून गावाकडे परतावे, असा त्यांचा मानस होता. परंतु दैवाच्या मनात काही वेगळेच होते.

आजार आणि नवी वाट

वयाच्या तिशीच्या आतबाहेर त्यांना तीव्र सांधेवाताने गाठले. १९४८ मध्ये सैन्यातून त्यांना मुक्त करण्यात आले. सुमारे वर्षभर ते अंथरुणाला खिळून होते. उभे राहणे दूरच, कुशीवर वळणेही अशक्य झाले. हातापायांची बोटे वाकडी झाली, ती कायमचीच. ज्या हातांनी बाळंतिणींची सुटका करावयाची, ते हात आता त्या कामास निरुपयोगी ठरले. ज्याला वैद्य होऊन दुसऱ्यांच्या वेदना दूर करावयाच्या होत्या, तोच आजन्म वेदनेचा सोबती झाला.

अशा अवस्थेत पुष्कळांनी कर्माला दोष देत दिवस कंठले असते. डॉ. वेंकटस्वामींनी प्रसूतिशास्त्राचा नाद सोडला आणि नेत्रवैद्यकाकडे ते वळले. १९५१ मध्ये त्यांनी त्या विषयाची पदविका मिळवली. वाकड्या बोटांत धरता येतील अशी उपकरणे त्यांनी स्वतः बेतून घेतली व मोतीबिंदू काढण्याचा कसून सराव केला. पुढे हेच हात एका दिवसात शंभरपर्यंत शस्त्रक्रिया करू लागले आणि हयातीत त्यांनी एक लाखाहून अधिक नेत्रशस्त्रक्रिया केल्या.

१९५६ मध्ये मदुराई येथील वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख आणि तेथील सरकारी अर्स्किन रुग्णालयात नेत्रशल्यविशारद म्हणून त्यांची नियुक्ती झाली. वडिलांच्या पश्चात धाकट्या भावंडांची शिक्षणे व लग्नकार्ये त्यांनीच पार पाडली. स्वतः मात्र ते अविवाहित राहिले. पाँडिचेरीच्या योगी अरविंदांच्या विचारांचा त्यांच्या मनावर खोल संस्कार झालेला होता. आपले काम हीच आपली साधना, ही धारणा त्यांनी अखेरपर्यंत जपली.

शिबिरांची वर्षे

त्या काळी मोतीबिंदूमुळे अंधत्व येणे म्हणजे खेड्यातील माणसाचे अर्धे मरणच असे. शेतमजुराची दृष्टी गेली की त्याची मजुरी जाई, आणि त्याला हाताला धरून नेण्यासाठी घरातील एका मुलाची शाळाही सुटे. वास्तविक हे अंधत्व टाळता येण्यासारखे होते. काही मिनिटांच्या शस्त्रक्रियेने दृष्टी परत मिळू शकत होती. पण रुग्ण खेड्यात आणि डॉक्टर शहरात, असा सारा मामला होता.

डॉ. वेंकटस्वामींनी साठच्या दशकात गावोगाव नेत्रशिबिरे भरविण्यास प्रारंभ केला. शाळेचे वर्ग, धर्मशाळा, मंगल कार्यालये यांतून तात्पुरती शस्त्रक्रियागृहे उभी राहत. शेकडो माणसे येत व डोळ्यांवर पट्टी बांधून ओळीने झोपत. सरकारी नोकरी सांभाळून त्यांनी हे काम केले. त्यांच्या या सेवेची दखल घेऊन भारत सरकारने १९७३ मध्ये त्यांना 'पद्मश्री' प्रदान केली. १९७६ मध्ये केंद्र सरकारने अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याआधी अनेक वर्षे ज्या मोजक्या डॉक्टरांनी खेड्यांत जाऊन हे काम केले, त्यांत डॉ. वेंकटस्वामींची गणना होते.

तथापि या शिबिरांच्या मर्यादा त्यांच्यासारख्या अनुभवी वैद्याच्या ध्यानात आल्यावाचून राहिल्या नाहीत. शाळेच्या वर्गात रुग्णालयाची स्वच्छता आणता येत नाही. शिबिर संपले, मंडप उतरला, डॉक्टर निघून गेले, की मागे राहिलेल्या रुग्णाला काही त्रास उद्भवल्यास त्याने कोणाकडे जावे? तात्पुरत्या शिबिरांत जंतुसंसर्ग होऊन रुग्णांची उरलीसुरली दृष्टीही गेल्याच्या दुर्दैवी घटना आपल्या देशात घडलेल्या आहेत. सद्हेतूने केलेले दानही व्यवस्थेअभावी अपकार ठरू शकते, हा त्यांतून मिळणारा धडा कठोर आहे, परंतु खरा आहे.

अकरा खाटांचा प्रारंभ

१९७६ मध्ये वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी डॉ. वेंकटस्वामी सरकारी सेवेतून निवृत्त झाले. निवृत्तिवेतन सुरू झाले होते आणि शरीर व्याधिग्रस्त होते. विश्रांती घेण्यास कोणाचीच हरकत नव्हती. परंतु त्याच वर्षी त्यांनी मदुराईत अवघ्या अकरा खाटांचे नेत्र रुग्णालय सुरू केले. त्याच्या पाठीशी 'गोवेल ट्रस्ट' हा कुटुंबाचा न्यास होता. रुग्णालयाला योगी अरविंदांचे नाव देण्यात आले.

भांडवलाची मोठीच अडचण होती. ज्या रुग्णालयात बहुतांश रुग्णांवर विनामूल्य उपचार व्हावयाचे, त्याला कर्ज कोण देणार? अखेर कुटुंबाने राहते घर गहाण टाकले व घरातील दागिनेही कामी आले. बहीण डॉ. नाच्चियार व मेहुणे डॉ. नंपेरुमालसामी हे दोघेही नेत्रवैद्य. ते या कार्यात सामील झाले. बांधकाम व हिशेब ही बाजू धाकटे बंधू जी. श्रीनिवासन यांनी सांभाळली. व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेतलेले आप्त तुलसीराज हेही पुढे या कामात आले. डॉ. वेंकटस्वामींनी स्वतः रुग्णालयातून पगार घेतला नाही. सरकारी निवृत्तिवेतनावर त्यांनी आपला चरितार्थ चालविला.

पुढील वाढ टप्प्याटप्प्याने झाली. १९७८ मध्ये केवळ मोफत रुग्णांसाठी सत्तर खाटांची सोय झाली. १९८१ मध्ये मुख्य रुग्णालय सुरू झाले. जसजसा पैसा शिलकीत पडे, तसतसे मजले चढत. त्यानंतर थेनी (१९८५), तिरुनेलवेली (१९८८), कोइमतूर (१९९७) व पाँडिचेरी (२००३) येथे रुग्णालये उभी राहिली. एखादे मोठे देणगीदार गाठून एकदम भव्य वास्तू उभारावी आणि नंतर ती चालविण्यासाठी वर्षानुवर्षे झोळी फिरवावी, हा मार्ग त्यांनी कटाक्षाने टाळला.

खर्चाचे गणित

अरविंद रुग्णालयाचा विचार करताना व्यापारी वर्गाने विशेष लक्ष द्यावे असा भाग येथे येतो. बहुसंख्य रुग्णांवर मोफत वा नाममात्र मोबदल्यात शस्त्रक्रिया करूनही हे रुग्णालय आपला दैनंदिन खर्च आपल्याच उत्पन्नातून भागवते आणि वर शिल्लकही राखते. हा चमत्कार नाही, हे शुद्ध अर्थशास्त्र आहे.

कोणत्याही धंद्यात खर्च दोन प्रकारचा असतो. एक स्थिर, दुसरा मालाच्या प्रमाणात वाढणारा. दुकानाचे भाडे व मुनिमाचा पगार दिवसाला दहा गिऱ्हाईके आली तरी तेवढाच आणि शंभर आली तरी तेवढाच. नेत्र रुग्णालयात शस्त्रक्रियागृह, सूक्ष्मदर्शक यंत्र आणि निष्णात डॉक्टर यांचा खर्च स्थिर असतो. समजा, हा खर्च दिवसाला दहा हजार रुपये आहे. पाच शस्त्रक्रिया झाल्या तर प्रत्येकीवर दोन हजारांचा भार पडेल, आणि पन्नास झाल्या तर अवघ्या दोनशेचा. म्हणजे गरीब रुग्णांची गर्दी हा रुग्णालयावरचा बोजा ठरत नाही. त्या गर्दीमुळेच दर शस्त्रक्रियेचा खर्च उतरतो.

परंतु डॉक्टरांच्या हातून इतके काम व्हावे कसे? त्यासाठी डॉ. वेंकटस्वामींनी कामाची वाटणी बारकाईने केली. शस्त्रक्रियागृहात दोन टेबले शेजारी शेजारी असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढच्या रुग्णाची तयारी पूर्ण होते. एक शस्त्रक्रिया संपताच डॉक्टर सूक्ष्मदर्शकासह दुसऱ्याकडे वळतात. मधला वेळ वाया जात नाही. दृष्टी तपासणे, थेंब घालणे, नोंदी ठेवणे, रुग्णाला धीर देणे ही कामे प्रशिक्षित मुली करतात. खेड्यांतील शाळा शिकलेल्या मुलींना निवडून दोन वर्षांचे शिक्षण येथेच दिले जाते. परिणामी येथील एक डॉक्टर वर्षाला दोन हजारांच्या घरात शस्त्रक्रिया करू शकतो. हे प्रमाण देशातील सर्वसाधारण नेत्रशल्यविशारदाच्या कित्येक पट आहे.

अमेरिकेत मॅक्डोनाल्ड्स या उपाहारगृहांच्या साखळीचे कामकाज पाहून डॉ. वेंकटस्वामींना या पद्धतीविषयी विचार सुचला, हे सर्वश्रुत आहे. तेथील आहार आपल्याला वर्ज्य असला, तरी घेण्यासारखा गुण कोठूनही घ्यावा. एकच पदार्थ हजारो ठिकाणी एकाच दर्जाचा व एकाच स्वच्छतेने देता येतो, तर दृष्टी का देता येऊ नये, हा त्यांचा प्रश्न होता.

शुल्काची पद्धतही मननीय आहे. मोफत विभागात जावयाचे की पैसे भरून उपचार घ्यावयाचे, हे रुग्णाने स्वतः ठरवावयाचे असते. उत्पन्नाचा दाखला किंवा शिधापत्रिका कोणी मागत नाही. गरिबीचा पुरावा मागण्यातच गरिबाचा अपमान आहे, आणि घेणाऱ्याची मान खाली जाते ते दान उणे पडते. गुप्तदानाची महती जाणणाऱ्या समाजाला हे निराळे सांगावयास नको. पैसे भरणाऱ्याला स्वतंत्र खोली मिळते, तर मोफत रुग्ण सामायिक कक्षात, पुष्कळदा चटईवर झोपतो. शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र दोन्हीकडे आळीपाळीने काम करतात. फरक खोलीत आहे, उपचारात नाही. शस्त्रक्रियेनंतर कोणत्या रुग्णाला काय त्रास झाला, त्याच्या नोंदी ठेवून डॉक्टरांसमोर मांडल्या जातात. अशा रीतीने अनेक वर्षे दर तीन रुग्णांपैकी सुमारे दोघांवर मोफत वा नाममात्र शुल्कात उपचार होत राहिले.

भिंगाची कथा

पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना मोतीबिंदू काढलेल्या वडीलधाऱ्यांचे ते जाड, बाटलीच्या बुडासारखे चष्मे आठवत असतील. डोळ्यातील गढूळ झालेले भिंग काढून टाकले जाई. पण त्याजागी नवे बसविण्याची सोय नसे. चष्मा हरवला वा फुटला की माणूस पुन्हा परावलंबी होई. पुढे डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसविण्याची पद्धत रूढ झाली. ही भिंगे परदेशातून येत आणि एकेका भिंगाला शंभर डॉलरच्या आसपास किंमत पडे. धनिकांना नवे भिंग आणि गरिबांना जाड चष्मा, असा भेद त्यामुळे अटळ झाला. गरिबांना एवढ्या महाग तंत्राची काय गरज, असेही तज्ज्ञ मंडळी म्हणत.

डॉ. वेंकटस्वामींना हा भेद मान्य नव्हता. अमेरिकेतील 'सेवा फाउंडेशन' व तिचे कार्यकर्ते डेव्हिड ग्रीन यांच्या साहाय्याने १९९२ मध्ये मदुराईत 'ऑरोलॅब' हा कारखाना सुरू झाला. तेथे तयार झालेल्या भिंगाची किंमत दहा डॉलरच्या आत आली आणि पुढे ती आणखी उतरली. भिंगापाठोपाठ शस्त्रक्रियेचे धागे व औषधेही तेथे बनू लागली. आज ही भिंगे शंभरहून अधिक देशांत जातात. वैद्यकीय मालाच्या व्यापारात नफा वाईट नाही. परंतु गरजवंताच्या अडचणीवर आकारलेला नफा आणि खपाच्या विस्तारातून मिळविलेला नफा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे या कारखान्याने सिद्ध केले. व्यापारातील न्यायनीतीविषयी आपल्या श्रावकाचारात जे सांगितले आहे, त्याहून हे वेगळे नाही.

मोफत असूनही न येणारे रुग्ण

या कार्यातील सर्वांत महत्त्वाचा धडा यशाचा नसून अपयशाचा आहे. गावात शिबिर भरले, ध्वनिक्षेपकावरून दवंडी दिली, तपासणी मोफत, शस्त्रक्रिया मोफत. तरीही असंख्य अंध माणसे घरीच बसून राहत. असे का, याचा शोध संस्थेने घेतला. उत्तरे साधी होती. शहरात जाण्यास बसभाडे नाही, तेथे जेवणाची सोय नाही, सोबत यावयाचे तर घरच्या माणसाची मजुरी बुडते. आणि मनात भीती. 'मोफत' हा शब्द देणाऱ्याच्या दृष्टीने खरा होता, घेणाऱ्याच्या दृष्टीने नव्हता.

यावरून पद्धत बदलण्यात आली. गावात केवळ तपासणी करावयाची आणि ज्यांना शस्त्रक्रियेची गरज आहे त्यांना त्याच दिवशी संस्थेच्या बसने मुख्य रुग्णालयात न्यावयाचे. तेथे शस्त्रक्रिया, जेवण, राहणे व औषधे यांची सोय करावयाची आणि परत गावी पोहोचवावयाचे. एकाच गावची मंडळी एकत्र जात असल्याने भीतीही कमी झाली. काही आठवड्यांनी डॉक्टरांचे पथक फेरतपासणीसाठी पुन्हा जाई.

या व्यवस्थेत स्थानिक संस्थांना मानाचे व जबाबदारीचे स्थान होते. जागा, प्रचार, स्वयंसेवक व रुग्णांची ने-आण यांची जुळवाजुळव गावातील व्यापारी मंडळे, सेवाभावी क्लब वा देवस्थाने करीत. वैद्यकीय जबाबदारी पूर्णपणे रुग्णालयाची. ज्याला जे उत्तम येते ते त्याने करावे, अशी ही विभागणी होती.

तरीही संस्था समाधानी राहिली नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत आढळले, की डोळ्यांचा विकार असलेल्या ग्रामीण प्रौढांपैकी जेमतेम सात टक्के लोक शिबिराला येत होते. इतक्या वर्षांच्या अथक परिश्रमांनंतर हा आकडा पाहून एखाद्या संस्थेने तो कपाटात बंद करून ठेवला असता. अरविंदने त्यावर उपाय शोधला. २००४ पासून खेड्यांजवळ लहान, पण कायमस्वरूपी दृष्टिकेंद्रे सुरू झाली. तेथे प्रशिक्षित मुली डोळे तपासतात आणि शहरातील डॉक्टर संगणकाच्या पडद्यावरून रुग्णाशी बोलतात. वर्षातून एकदा येणाऱ्या शिबिराऐवजी रोज उघडे असणारे दार गावाला मिळाले. अशी केंद्रे आता शंभरहून अधिक झाली आहेत.

उजेड आणि सावली

कोणत्याही संस्थेचे गुणगान करताना तिच्या अडचणी लपविणे योग्य नव्हे. अरविंदची उभारणी एका कुटुंबाच्या विलक्षण त्यागावर झाली. आरंभीच्या काळात घरातील डॉक्टरांना सरकारी नोकरीइतकेच वेतन आणि तिच्याहून कितीतरी अधिक तास काम, अशी स्थिती होती. खासगी रुग्णालयांतील मिळकत वाढत गेली तसे प्रशिक्षित डॉक्टर टिकवून धरणे कठीण झाले. प्रशिक्षित मुलींवर कामाचा मोठा भार पडतो, आणि विवाहानंतर अनेकजणी काम सोडतात. त्यागाची अपेक्षा पहिल्या पिढीकडून करता येते. पुढच्या प्रत्येक पिढीकडून ती गृहीत धरता येत नाही. हा प्रश्न केवळ मदुराईचा नाही. ज्या ज्या संस्था संस्थापकांच्या तपश्चर्येवर उभ्या आहेत, त्या सर्वांपुढे तो आज ना उद्या उभा राहतोच.

यावर डॉ. वेंकटस्वामींनी आपल्या परीने दिलेले उत्तर असे, की माणसांपेक्षा पद्धत बळकट करावी आणि ती कोणापासूनही लपवू नये. नव्वदच्या दशकात लायन्स क्लब व सेवा फाउंडेशन यांच्या साहाय्याने त्यांनी मदुराईत एक प्रशिक्षण संस्था उभारली. देशविदेशातील तीनशेहून अधिक नेत्र रुग्णालयांनी तेथून व्यवस्थापनाचे धडे घेतले. व्यापारात ज्याला धंद्याचे गुपित म्हणतात, ते त्यांनी मुक्तहस्ते वाटले. ज्ञानदान ते हेच. १९९३ मध्ये अमेरिकेतील हार्वर्ड बिझनेस स्कूलने या रुग्णालयाचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि जगभरच्या व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांना तो शिकविला जाऊ लागला.

७ जुलै २००६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, डॉ. वेंकटस्वामींचे निधन झाले. त्यांच्या मागे कार्य थांबले नाही. २००८ मध्ये जागतिक आरोग्यासाठीचा गेट्स पुरस्कार आणि २०१० मध्ये हिल्टन मानवतावादी पुरस्कार संस्थेला लाभला. त्या सुमारास वर्षाकाठी तीन लाखांहून अधिक शस्त्रक्रिया होत होत्या. २०१७ मध्ये चेन्नईतही रुग्णालय सुरू झाले. अकरा खाटांनी सुरू झालेल्या कार्याचा हा विस्तार पाहून मन थक्क होते.

सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने

या चरित्रातून धर्मादाय संस्थांनी काय घ्यावे? प्रत्येक संस्थेने रुग्णालय काढावे, असा याचा अर्थ नाही. परंतु शिबिराच्या अहवालात तपासलेल्या रुग्णांची संख्या छापताना, त्यांपैकी शस्त्रक्रिया किती जणांची झाली, महिन्याने किती जणांना स्पष्ट दिसत होते आणि किती जण गावातून आलेच नाहीत, हे तीन आकडेही छापावेत. पहिला आकडा आपल्या परिश्रमाचा आहे. नंतरचे तीन आकडे आपल्या दानाचे फळ सांगणारे आहेत. शेवटचा आकडा कटू असेल, तर तोच पुढील वर्षीच्या कार्याची दिशा दाखवील.

दुसरी गोष्ट अशी, की मोफत देणे आणि बेहिशेबी देणे यांत गल्लत होऊ नये. दुकानात वारभर कापडाचा हिशेब चोख ठेवणारा व्यापारी, विश्वस्त म्हणून बसताच हिशेबाला दुय्यम मानतो. भावनेत हिशेब कसला, असे म्हटले जाते. वस्तुतः दानाचा पैसा हा स्वतःच्या पैशाहून अधिक जपून वापरावयाचा असतो, कारण तो दोघांचा असतो : ज्याने दिला त्याचा, आणि ज्याच्यासाठी दिला त्याचा. अपरिग्रहाचा एक अर्थ असाही घेता येईल, की धन आपले नसून आपण त्याचे राखणदार आहोत. राखणदाराला हिशेब द्यावाच लागतो.

आपल्या परंपरेत सम्यक् दर्शनाला रत्नत्रयात पहिले स्थान आहे. दर्शन म्हणजे यथार्थ पाहणे. डॉ. वेंकटस्वामींनी लक्षावधी लोकांना पाहण्याची शक्ती परत दिली. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे आपल्या कार्यातील उणीव त्यांनी उघड्या डोळ्यांनी पाहिली आणि ती सुधारली. पन्नास वर्षांच्या वाटचालीकडे मागे वळून पाहताना आणि पुढील पन्नास वर्षांचा संकल्प करताना अशी स्वच्छ दृष्टी सर्व विश्वस्त, दाते व कार्यकर्ते यांना लाभो, हीच जिनेंद्र प्रभूंच्या चरणी प्रार्थना.

॥ जय जिनेंद्र ॥